रंभाजीनं गाडीला गूळ चारला

मी एकदा देवीला नवस बोलले होते. माझी धाकटी लेक साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. नुसती बघायची आणि बोट दाखवायची. मी देवीपुढं पदर पसरला. म्हटलं, आई, पोरीला वाचा दे. मी दर शुक्रवारी गूळ-फुटाणे वाटीन आणि फुटाण्यांबरोबर सगळ्यांना एक हसरी गोष्ट सांगेन. पुढच्याच महिन्यात पोरगी बोलायला लागली. ती आजपर्यंत थांबलेली नाही. देवीनं तिचा शब्द पाळला, मी माझा पाळते. तेव्हा फुटाणे हातात घ्या. गोष्ट संपायच्या आत संपले तरी चालतील, आमची देवी तेवढी कडक नाही. फक्त मधूनमधून "हं" म्हणा.

डोंगराच्या पायथ्याला आवळाणं नावाचं गाव होतं. त्या गावात एक भोळा ड्रायव्हर होता. त्याचं नाव रंभाजी. वय चाळीस. मनानं इतका निर्मळ की त्याला सांगितलेलं सगळं आरपार जायचं आणि जसंच्या तसं बाहेर यायचं. "जरा थांब" म्हटलं की तो थांबायचा. "आता चल" म्हणायला कुणी विसरलं तर संध्याकाळपर्यंत तिथंच.

रंभाजी तात्यांकडे कामाला होता. तात्यांचा मंडपाचा धंदा. खांब, कनाती, सतरंज्या, लाउडस्पीकर, आणि एक जुनी मोटार. ही मोटार तात्यांच्या वडिलांनी घेतलेली. हिरवी, गोल पाठीची, पुढं दोन मोठे डोळे. तात्या तिला "डबडं" म्हणत. रंभाजी तिला मैना म्हणे. रोज सकाळी तिला पुसायचा. पुसताना तिच्याशी बोलायचा. मैना उत्तर देत नसे, पण ऐकून घ्यायची.

पंचक्रोशीतल्या नवऱ्या मैनेतून सासरी जायच्या. पण मैना आता म्हातारी झाली होती. तिच्या पोटात पेट्रोल असायचं, पण ते इंजिनापर्यंत पोचायचं नाही. वाटेत कुठंतरी अडायचं.

एकदा चैत्रातल्या टळटळीत दुपारी मैना रस्त्यात बंद पडली. रंभाजी चालत गावाच्या टोकाला गेला. तिथं उस्मानमिस्त्रींचं गॅरेज होतं. मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडलं, पंपाला हात लावला आणि चटका बसला म्हणून झटकला.

"तापलीय," मिस्त्री म्हणाले. "उन्हानं नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली. वाफ पुढं पेट्रोल जाऊ देत नाही. ओला फडका पंपावर ठेव, वरून गार पाणी ओत."

"म्हणजे सुरू होईल?"

"होईल की. तुला ताप आला की बायको कपाळावर पट्टी ठेवते ना? तसंच. अरे रंभाजी, गाडी म्हणजे माणूसच. जे माणसाला, तेच गाडीला. तापलं की गार पाणी."

रंभाजीनं पाणी ओतलं. दहा मिनिटांत मैना सुरू झाली. रंभाजीला एवढा आनंद झाला की तो घरापर्यंत मिस्त्रींचं वाक्य म्हणत आला. गाडी म्हणजे माणूसच. तापलं की गार पाणी. शब्दन् शब्द लक्षात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो तात्यांकडे गेला. दारात आक्का भेटल्या. आक्का म्हणजे तात्यांची बायको. त्या हळूच म्हणाल्या, "रंभाजी, आत जाऊ नकोस. एका माणसानं सतरंज्या भिजवून परत आणल्यात. हे फार तापलेत."

"तापलेत?"

"लालबुंद झालेत."

रंभाजीनं आडावरून बादली भरून आणली. आत गेला. तात्या खुर्चीवर बसून ओरडत होते. रंभाजीनं आधी त्यांच्या डोक्यावर ओला फडका ठेवला. मग वरून सगळी बादली ओतली. आणि बाजूला उभं राहून दहा मिनिटं मोजायला लागला.

तात्या दोन मिनिटांतच सुरू झाले.

"गाढवा! हे काय केलंस?"

"तापला होतात ना."

"अरे माणूस तापला की त्याच्यावर पाणी ओततात का? दोन गोड शब्द बोलावे. हातावर गुळाचा खडा ठेवावा. मग तो निवतो!"

"मला आधी सांगायचं की," रंभाजी म्हणाला. आणि शब्दन् शब्द लक्षात ठेवला.

आठ दिवसांनी मैना पुन्हा उन्हात तापली. पुन्हा बंद. रंभाजीनं या वेळी पाणी ओतलं नाही. तो तिच्याजवळ बसला आणि दोन गोड शब्द बोलला. एक "शहाणी". दुसरा "माझी". मग गूळ शोधला. दुकानातून चांगला नारळाएवढा खडा आणला. आता मैनेला हात नाही, हातावर ठेवणार कसा? रंभाजीनं विचार केला. ती पिते तिथंच तिचं तोंड असणार. त्यानं टाकीचं झाकण काढलं, गूळ फोडला आणि बारीक बारीक करून सगळा आत चारला. झाकण लावलं. प्रेमानं थोपटलं.

मैना तोवर आपोआप निवली होती. सुरूही झाली. रंभाजी म्हणाला, "गोड लागलं ना?"

पण दोन मैलांवर मैना आचके देऊ लागली. पुढं जायची, थांबायची, पुन्हा एक धक्का. मग गप्प.

मिस्त्री आले. त्यांनी कार्बोरेटर खोलला. त्यातून बोटाच्या पेराएवढी पितळी वस्तू काढली. तिला मधोमध सुईच्या नेढ्याएवढं भोक होतं. मिस्त्रींनी ती उजेडाकडे धरली. भोकातून उजेड येत नव्हता. मिस्त्रींनी त्यातली कणी नखावर काढली, वास घेतला. मग जिभेवर ठेवली.

"रंभाजी," ते हळूच म्हणाले, "हा गूळ आहे?"

"चिक्कीचा नाही, साधाच."

मिस्त्रींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "हे बघ. याला जेट म्हणतात. गाडीचं सगळं पेट्रोल एवढ्या भोकातून जातं. कणी अडकली की गाडीचा घास अडला. यात तार घालायची नाही, भोक मोठं होतं. तोंड लावायचं आणि जोरात फुंकायचं. अडलं की फुंकर. समजलं?"

"अडलं की फुंकर."

मिस्त्रींनी टाकी धुतली, नळ्या धुतल्या, जेट फुंकला. मैना घरी आली. पण दारात तात्या कमरेवर हात ठेवून उभे होते.

"बस झालं," तात्या म्हणाले. "पुढच्या पंधरवड्यात माझ्या पोराचं, उल्हासचं लग्न आहे. माझ्या घरची सून दुसऱ्याच्या गाडीतून यायला नको म्हणून हिला तेवढे दिवस ठेवतो. नवरी हिच्यातून माझ्या दारात आली तर हे डबडं राहील. नाही आली तर त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावून ठेवलंय. टेम्पो घेऊन येतोय तो."

त्या दिवशी रंभाजी जेवला नाही. मैनेच्या टपावर हात ठेवून नुसता उभा राहिला. "तुला तोडतील गं," म्हणाला. "तुझे डोळे एकीकडे आणि पाठ एकीकडे."

आता सांगा, इतका जीव लावणाऱ्या माणसाला मूर्ख म्हणावं का? म्हणावं. पण हळू.

लग्नाआधी आठ दिवस तात्यांच्या घरी पूजा होती. गुरुजी आले. कलश मांडला, निरांजनं लावली, हळदीकुंकवाचं तबक भरलं. गुरुजींनी मंत्र सुरू केला. छान खणखणीत आवाज. पण मध्येच धुरानं त्यांना ठसका लागला. त्यांनी तोंड उघडलं, आवाज येईना. पुन्हा उघडलं. येईना.

आक्का रंभाजीच्या शेजारी उभ्या होत्या. त्या काळजीनं पुटपुटल्या, "अगं बाई, गुरुजी अडले."

"अडले?"

"अडले ना."

रंभाजी सरळ पुढं गेला. तोंड लावायचं आणि जोरात फुंकायचं, हे त्याला माहीत होतं. गुरुजींच्या तोंडावर मोठ्या मिशा होत्या, त्यामुळे ती वाट बंद दिसली. कान मोकळा होता. रंभाजीनं छाती भरून घेतली आणि गुरुजींच्या उजव्या कानाला तोंड लावून असं फुंकलं की गुरुजी बसल्या जागेवरून वीतभर वर उडाले. त्यांचा हात तबकाला लागला. निरांजनं विझली. हळद तात्यांवर, कुंकू आक्कांवर. नारळ घरंगळत अंगणात गेला.

गुरुजींचा आवाज मात्र आला. मंत्र नव्हता तो.

"अरे राक्षसा! माणसाला ठसका लागला तर कानात फुंकतात? पाठीवर थाप मारावी, घोटभर पाणी पाजावं!"

"मला आधी सांगायचं की," रंभाजी म्हणाला. शब्दन् शब्द लक्षात ठेवला.

चार दिवसांनी मैना सकाळी सुरू होताना खोकली. थंड असली की म्हाताऱ्या गाड्या खोकतातच. पण रंभाजीला ठसका ओळखू आला. तो मागं गेला. मैनेच्या गोल पाठीवर चार थापा मारल्या. मग तांब्याभर पाणी आणलं. एक घोट पाजला. खोकला थांबेना. मग सगळा तांब्या पाजला. टाकीतून "गुडुक" असा आवाज आला.

"हळू पी," रंभाजी म्हणाला.

मैना थांबली. खोकलाही थांबला, म्हणून रंभाजी जरा वेळ खूश होता.

मिस्त्री आले. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते. पेट्रोल आधी तिच्यात साठतं. मिस्त्रींनी ती काढून बशीत उपडी केली. बशीत बघितलं. मग रंभाजीकडे बघितलं.

"कुणी सांगितलं?"

"गुरुजींनी."

"गुरुजींना गाडीतलं काय कळतं?"

"तुम्हीच म्हणालात, गाडी म्हणजे माणूसच."

मिस्त्री खाली बसले. त्यांनी स्वतःच्या कपाळावर ओला फडका ठेवला. मग म्हणाले, "माझंच चुकलं. यापुढं मी माणसाचं नावसुद्धा काढणार नाही. नीट ऐक. पाणी जड असतं, ते तळाला बसतं. पेट्रोल वर तरंगतं. टाकीच्या बुडाला हा बोल्ट आहे. तो काढ, तळाचं सगळं सोडून दे. कामाचं ते वरचं. तळाचं फेकायचं, वरचं ठेवायचं."

रंभाजीनं तळाचं सोडलं. वरचं ठेवलं. मैना सुरू झाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी तात्यांच्या दारात मोठी चूल पेटली. स्वयंपाकाला चंद्राकाकू होत्या. त्यांच्या हातची बासुंदी सात गावांत प्रसिद्ध. दुपारभर आटवलेली, वर जाड साय, आत चारोळी, बदाम, वेलदोडा. चंद्राकाकूंनी पातेलं उतरवलं आणि हाक मारली, "रंभाजी, मी पुऱ्या लाटायला जाते. या बासुंदीकडे जरा नीट बघ हो."

रंभाजी नीट बघत राहिला. वर साय तरंगत होती. पळी खाली घातली तर तळाला काहीतरी जड जड लागलं. त्याला घाम फुटला. सात गावांची माणसं जेवणार आणि तळाला हे! त्यानं वरची साय अलगद एका वाटीत काढून घेतली. उरलेलं सगळं पातेलं मागच्या केळीच्या आळ्यात ओतलं. पातेलं धुऊन पालथं घातलं. वाटी झाकून ठेवली.

चंद्राकाकू आल्या. "बासुंदी कुठाय?"

रंभाजीनं वाटी पुढं केली. "कामाची तेवढी ठेवलीय."

चंद्राकाकूंनी पळी उचलली. रंभाजी मांडवाला तीन फेऱ्या मारून आला, काकू मागं. धापा टाकत काकू म्हणाल्या, "मेल्या, सगळा जीव तळाशी असतो! पळी पार बुडापर्यंत घालावी, खळाखळा ढवळावं, खालचं वर आणावं, मग वाढावं!"

"मला आधी सांगायचं की," रंभाजी लांबूनच म्हणाला.

शब्दन् शब्द लक्षात ठेवला.

लग्नाचा दिवस उजाडला. लग्न नवरीच्या गावी, तळेवणीला. मध्ये वाघखिंड. चढ इकडूनही आणि तिकडूनही. वऱ्हाड बसनं गेलं. मैना रिकामीच न्यायची आणि येताना तिच्यातून नवरी आणायची, असं ठरलं.

रंभाजी पहाटे उठला. मैनेला हार घातला. आज मैनेच्या जिवाचा प्रश्न होता. सगळा जीव तळाशी असतो, हे त्याला कालच कळलं होतं. त्यानं कनातीची लांब काठी आणली, टाकीत पार बुडापर्यंत घातली आणि खळाखळा ढवळलं. तीस वर्षांचा गंज, माती, उरलासुरला गूळ, सगळं खालचं वर आलं.

निघताना तो मिस्त्रींच्या गॅरेजावरून गेला. मिस्त्री लग्नाचा कोट घालून दारात उभे होते. मैनेचा आवाज ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी टाकीत डोकावून बघितलं. कोटाच्या बाह्या सरसावल्या, घड्याळ बघितलं आणि पुन्हा खाली केल्या.

"आता खोलायला वेळ नाही," ते म्हणाले. "गाळणीत कचरा गेलाय. पेट्रोल थेंबथेंब जातंय. सपाटीला चालेल, चढाला ओढणार नाही. तेव्हा रंभाजी, माझ्याकडे बघ. चढाला गाडी ओढेनाशी झाली की वजन उतरवायचं. सामान, माणसं, सगळं खाली. मागून ढकलायला लावायचं. आणि एकदा का गाडीनं वेग धरला की थांबायचं नाही. थांबलास की बंद पडली. थेट दारात. कळलं?"

"वजन उतरवायचं. थांबायचं नाही. थेट दारात."

"शाबास," मिस्त्री म्हणाले. त्यांनी एकेक शब्द तोलून सांगितला होता. कुठं म्हणजे कुठं फट ठेवली नव्हती, असं त्यांना वाटलं.

जाताना मैना रिकामी होती, म्हणून कशीबशी खिंड चढली. लग्न छान लागलं. नवरीचं नाव मंदाकिनी. हसऱ्या तोंडाची मुलगी. आक्का घरी सुनेच्या स्वागताची तयारी करायला म्हणून बसनं पुढं गेल्या. मागून मैना निघाली. पुढं रंभाजीशेजारी तात्या. तात्यांचं वजन तुम्हाला सांगत नाही, पण ते बसले की मैना डावीकडे कलायची. मागं उल्हास, मंदाकिनी, आणि पाठराखीण म्हणून आलेली मंदाकिनीची यमूआत्या. यमूआत्यांच्या मांडीवर आंब्याची करंडी. टपावर ट्रंक.

सपाटीला मैना गुणगुणत आली. वाघखिंडीचा चढ लागला तशी दमली. धुक् धुक् करत अगदी गोगलगायीसारखी झाली.

"वजन उतरवायला लागेल," रंभाजी म्हणाला.

ट्रंक उतरली. करंडी उतरली. यमूआत्या कुरकुरत उतरल्या. मैना हलेना.

"तात्या," रंभाजी नम्रपणे म्हणाला, "तुम्ही."

तात्या उतरले. मैना डावीकडून सरळ झाली. उल्हास उतरला. शेवटी रंभाजीनं आरशात बघितलं. "वहिनी, तुम्ही तशा हलक्या आहात. पण मिस्त्री सगळं म्हणालेत."

मंदाकिनी शालू सावरत उतरली. मुंडावळ्या कानामागं टाकल्या. सगळ्यांनी मागून जोर लावला. एक, दोन, तीन! मैना एकदम सुटली. तिनं वेग धरला. खिंडीच्या माथ्यावरून पलीकडे गेली.

रंभाजीनं आरशात पाहिलं. मागं सगळे रस्त्यावर उभे राहून जोरजोरात हात हलवत होते. रंभाजीला भरून आलं. त्यानंही हात हलवला.

इकडे तात्यांच्या दारात बायका जमल्या होत्या. तात्यांचं घर म्हणजे पुढं मंडपाचं गोदाम आणि मागं राहती जागा. गोदामाचं दार एवढं मोठं की भरलेला टेम्पो सरळ आत जाई. आत समोरच्या भिंतीशी देवघर. आक्कांनी त्याच दाराला तोरण लावलं होतं. उंबऱ्याऐवजी रांगोळीची रेघ आणि रेघेवर तांदळानं काठोकाठ भरलेलं माप. सून येणार, उजव्या पायानं माप लवंडणार, लक्ष्मी घरात येणार.

लांबून भोंगा वाजला. वाजंत्री सुरू झाली. मैना दिमाखात दारात आली. इंजिन धडधडतच होतं. रंभाजीचा ऊर भरून आला होता. "आक्का, कुठंच थांबली नाही!"

आक्का ओवाळायचं ताट घेऊन मैनेच्या मागच्या दाराशी गेल्या. काचेतून आत बघितलं. मग दुसऱ्या काचेतून बघितलं.

"रंभाजी, नवरी कुठाय?"

"खिंडीत."

"खिंडीत?"

"उतरवली. वजन होतं."

"आणि उल्हास?"

"तोही वजनच."

"आणि हे?"

"आक्का," रंभाजी म्हणाला, "सगळ्यात जास्त वजन तर तेच."

वाजंत्री एकेक करून थांबली. आक्का ओरडल्या, "अरे करंट्या! दारात माप भरून ठेवलंय. सगळा गाव बघतोय. आता माप कोण ओलांडणार? ही तुझी मैना?"

रंभाजीनं मापाकडे बघितलं. मैनेकडे बघितलं. "बरं," म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, "आधी कुठलं?"

"काय कुठलं?"

"उजवं का डावं?"

"उजवं!" आक्का संतापून म्हणाल्या. चाळीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

रंभाजीनं चाक वळवलं. अलगद क्लच सोडला. मैनेचं पुढचं उजवं चाक रांगोळीवरून गेलं, माप लवंडलं आणि तांदूळ थेट देवघरापर्यंत उधळले. मैना मागोमाग आत आली. देवघरासमोर तिचं नाक टेकायला वीतभर उरलं तेव्हा तिनं एक उसासा सोडला आणि बंद पडली.

मग एका म्हातारीनं सवयीनं मैनेवर अक्षता टाकल्या. तिचं बघून दुसरीनं टाकल्या. वाजंत्रीवाल्यांना वाटलं, आता वाजवायचं असेल. त्यांनी सुरू केलं.

तासाभरानं दारात टेम्पो आला. भंगारवाल्याचा. तात्यांनी बोलावलेला. तो खिंडीतून येत होता आणि वाटेत त्याला एक वरात चालताना दिसली, म्हणून त्यानं सगळ्यांना टेम्पोत घेतलं. मोडक्या सायकली आणि गंजलेले पिंप यांच्यामध्ये शालू नेसलेली मंदाकिनी बसली होती. शेजारी फेटा बांधलेला उल्हास. ट्रंकेवर यमूआत्या. तात्या पिंपात उभे होते, कारण दुसरीकडे मावत नव्हते.

तात्या उतरले. त्यांनी भंगारवाल्याला नुसतं बोट दाखवलं. ते डबडं. उचल.

भंगारवाला आत गेला. देवघरासमोर मैना उभी. गळ्यात हार, कपाळाला कुंकू, चाकाला तांदूळ चिकटलेले. तो बाहेर आला. "तात्या, हिला कशी तोडू? हात होत नाही."

"मी सांगतो ना! नवरी हिच्यातून आली नाही. शब्द म्हणजे शब्द!"

तेव्हा आक्का मध्ये आल्या. "अहो, ऐका. ती माप ओलांडून आलीय. उजवं चाक आधी. मी स्वतः सांगितलं. अख्ख्या गावानं अक्षता टाकल्या. आता ती घरात आलेली लक्ष्मी. घरची सून भंगारात देतात का?"

तात्यांनी भंगारवाल्याला हातानंच परत पाठवलं. मग पाय धुवायला मागच्या दारी निघून गेले.

मंदाकिनी एवढा वेळ पदर तोंडाला लावून उभी होती. आक्कांना वाटलं, पोरगी रडतेय. जवळ जाऊन बघितलं तर पोरीला हसू आवरत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. ती पुढं झाली, मैनेच्या बंपरला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, "या माझ्या आधी घरात आल्या. या थोरल्या जाऊबाई. मी धाकटी."

रंभाजी तिथंच होता. शब्दन् शब्द लक्षात ठेवला.

मैना राहिली. तात्यांचा रागही दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत उतरला. आक्कांनी हातावर गुळाचा खडा ठेवला होता, त्यामुळंही असेल. मंदाकिनीला मांडवपरतणीला माहेरी पाठवायचं होतं. मैनेची गाळणी साफ करायची होती. जेवता जेवता तात्यांना जरा गंमत सुचली. ते म्हणाले, "रंभाजी, उद्या दोन्ही सुनांना माहेरी सोडून ये. थोरलीला तिच्या आईकडं, धाकटीला मिस्त्रीकडं. तीन दिवसांनी आणू."

तात्या पाय धुवायला गेले होते ना. त्यांच्या लेखी थोरली म्हणजे हाडामांसाची सून, आणि धाकटी म्हणजे मैना. रंभाजीला मात्र थोरली कोण आणि धाकटी कोण, हे पक्कं ठाऊक होतं.

सकाळी तो मंदाकिनीला घेऊन निघाला. गावाच्या टोकाला, गॅरेजासमोर मैना थांबली. "वहिनी, उतरा," रंभाजी म्हणाला. ती उतरली. परवा उतरल्यावर काय झालं होतं हे तिच्या लक्षात यायच्या आत रंभाजीनं मिस्त्रींना हाक मारली, "हिची गाळणी साफ करा! तीन दिवसांनी नेतो!" आणि मैना वेग धरून निघालीही.

मिस्त्री हातातला पाना घेऊन बाहेर आले. समोर नवी नवरी, हातात ओटीचा नारळ. मिस्त्रींनी पाना मागं लपवला आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.

रंभाजी एकटाच, त्यामुळे खिंड सहज पार झाली. तळेवणीला मैना दारात उभी राहिली. मंदाकिनीची आई धावतच बाहेर आली. हातात ओवाळायचं ताट, डोळ्यांत पाणी. तिनं काचेतून आत बघितलं. मग दुसऱ्या काचेतून बघितलं.

रंभाजी खाली उतरला. त्यानं चावी तिच्या हातावर ठेवली.

"थोरलीला आणलंय," तो म्हणाला. "तीन दिवस नीट सांभाळा. गुणाची आहे. पण जरा जास्त पिते, आणि सकाळी चोक ओढल्याशिवाय उठत नाही."

झाली माझी गोष्ट. मैना सुखी झाली, तिची जाऊ सुखी झाली, तसे तुम्हीही व्हा. आणि माझं एक ऐका. तुमच्याही मनात कधी काही मागणं असेल तर देवीला असंच काहीतरी कबूल करा. सोन्याचा मुकुट नको, काही नको. मूठभर फुटाणे घ्या, समोरच्याच्या हातावर ठेवा आणि त्याला पोट धरून हसवा.

फक्त कुणी तापलेला दिसला तर आधी मला विचारा.